एकतीस लेकरांचा थोरला

...तर बायजाबाई आमच्या स्कीमच्या, म्हणजे फ्लॅटच्या बिल्डिंगच्या, लिफ्टसमोर उभी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आमच्या घरचा पाटा, आणि काही केल्या आत पाय ठेवायला तयार नाही. काल नेमका इथंच चहा आला आणि गोष्ट अर्धवट राहिली. पाटा तिनं खाली पार्किंगमध्ये बसून टाकवला होता, आता तो चौथ्या माळ्यावर पोचवायचा होता. चौकीदार म्हणाला, "मावशी, चार माळे चढशीन का हे वझं घेऊन? लिफ्ट काहून नाही घेत?"

बायजाबाईनं विचारलं, "या पेटीत मानसं किती मावते म्हून लिवलं हाय?"

"सहा."

"अन् दगडं?"

चौकीदारानं आतली पाटी पुन्हा नीट वाचली. दगडांचं काही लिहिलेलं नव्हतं.

"मंग?" म्हणाली, आणि निघाली पायऱ्यांनी.

ज्यांनी कालचं ऐकलं नाही त्यांच्यासाठी बायजाबाई कोण ते सांगतो. पाटा-वरवंटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही, नुसता इकडून तिकडं घसरतो. मग हातोडी आणि टाकी, म्हणजे दगडाची छिन्नी, घेऊन त्यावर बारीक बारीक खाचे पाडावे लागतात, म्हणजे दगड पुन्हा खरखरीत होतो. त्याला टाकवणं म्हणतात, आणि ते काम करणारी आमच्या भागातली शेवटची बाई म्हणजे बायजाबाई. राहते शहराबाहेर, कन्हानला. वय विचारलं तर म्हणते, "सासूनं हातोडी देली तवा मी चवदाची होती. बाकी तुमी शिकलेले, तुमी काढा." मी शिकलेला म्हणजे गावच्या शाळेत सातवीपर्यंत. आमची पाटीसुद्धा दगडाची होती, तेवढं सोडलं तर दगडाचं शिक्षण मला बायजाबाईनंच दिलं.

आठवड्यातले दोन दिवस ती इतवारीत असते. तिथं एक सावजी भोजनालय आहे, त्यांचा मसाला अजून पाट्यावरच वाटला जातो. चार पाटे, दर पंधरा दिवसांनी टाकवावे लागतात. मालकानं मध्ये एकदा मोठं मशीन आणलं होतं. तीन दिवसांत गिऱ्हाईक म्हणायला लागलं, रश्श्याला काहीतरी झालं. चौथ्या दिवशी मशीन कोपऱ्यात आणि बायजाबाईला निरोप. बाकीचे दिवस ती मनीषनगरात आमच्याकडच्या गल्ल्यांतून फिरते. "पाटे टाकवून घ्याऽऽ, जाते-पाऽऽटे!" आता फ्लॅटमध्ये जातं कोणाकडे असणार? पण ती ओरडताना जात्याला वगळत नाही. म्हणते, पाट्याच्या आधी त्याचा मान आहे.

मध्यंतरी तिला मेट्रोनं यायची हौस आली. स्टेशनवर पिशवी मशीनमधून गेली आणि गार्डनं आतली हातोडी बाहेर काढली. "अम्मा, ये क्या है? हथियार ले के नहीं जा सकते." बायजाबाई म्हणाली, "हथियार? याच्यानं मी पाटे टाकवते रे बाप्पा, कोनाचं डोस्कं नाई फोडत. फोडाचंच असतं तं तुह्यं जवळ होतं." गार्ड पोट धरून हसला, पण नियम तो नियम. ती ऑटोनं आली आणि दिवसभर ही गोष्ट सगळ्या स्कीमला सांगत फिरली.

दगडाची तिची पारख निराळी. पहिल्या माळ्यावर आमचे मनोहरराव राहतात. त्यांच्या दोन हातांत मिळून पाच खड्यांच्या अंगठ्या आहेत. एकदा तिच्यासमोर बसून त्यांनी नीलमाची अख्खी पोथी उघडली. हा कसा शनीला सांभाळतो, तीन दिवस उशाखाली ठेवून कसा पारखून घ्यावा लागतो, एखाद्याला कसा राजा करतो, एखाद्याला कसा रस्त्यावर आणतो. बायजाबाई टाकी थांबवून ऐकत होती. मग म्हणाली, "हा तुमचं एवढं करते, तं तुमी त्याचं काय करता?"

"म्हणजे?"

"म्हंजे धुता, पुसता, टाकवता?"

"काही नाही. बोटात घालतो."

"मंग फुकटात कोन सांभाळते, मनोहरराव?" आणि अंगठी हातात घेऊन तिनं ती उजेडात धरली, उलटसुलट केली, परत दिली. "चांगला हाय. पन याच्यावर लसनाची पाकळी बी नाई वाटल्या जात." मनोहररावांनी ते मनाला लावून घेतलं नाही, पण त्यानंतर ते तिला नीलमाबद्दल काही बोलले नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मूळ गोष्ट वरवंट्याची आहे.

बारा वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या अबोलीच्या मुलीचं बारसं होतं. पाळणा सजला, फुगे लागले, चाळीस बायका जमल्या. माझी मोठी बहीण यमुताई, ती आमच्याकडेच राहते, अशा प्रसंगी सगळ्यांत वडीलधारी म्हणून पुढं असते. तिनं विचारलं, "वरवंटा कुठी आहे?"

सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या.

आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात. त्याला न्हाऊमाखू घालतात, कुंची घालतात, बायका पाळण्याच्या खालून-वरून त्याला एकमेकींच्या हाती देतात, आणि मग बाळाची पाळी. वरवंटा म्हणजे बाळाचा थोरला भाऊ. कोणी म्हणतं, बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. कोणी म्हणतं, नजर लागायची ती आधी दगडाला लागावी म्हणून. यमुताई दोन्ही म्हणते. पण चोवीस फ्लॅटच्या स्कीममध्ये त्या दिवशी एक वरवंटा निघाला नाही; आमचा पाटा-वरवंटाही तेव्हा गावाकडेच होता. एकीनं लाटणं आणलं. "ताई, लाकडाचा भाऊ चालन का?"

यमुताई म्हणाली, "लाकडाचा कायले? मिक्सरचं भांडंच ठेवा ना. पोट्टी मोठी होऊन घरघर करन."

आणि तेवढ्यात खालून आवाज आला. "जाते-पाऽऽटे!"

मला पिटाळलं. मी धावत खाली गेलो, तेव्हा धावता येत होतं. बायजाबाईच्या पिशवीत एक जुना काळाभोर वरवंटा होता, चांगला साडेचार किलोचा. मी किंमत विचारली. ती म्हणाली, "इकत नाई. हा माह्या सासूचा हाय. पन लेकराचं काम हाय तं घंटाभर देते." आणि तासभर जिन्यात बसून राहिली. बारसं झालं, मुलीचं नाव भैरवी ठेवलं, वरवंटा परत आला, सोबत खण-नारळ आला. तिनं वरवंटा मांडीवर घेतला, बारीक टाकी काढली आणि त्याच्या कमरेवर एक ठिपका मारला.

"हे काहून?" मी विचारलं.

"याच्या पाठची एक बहीन झाली ना आज," ती म्हणाली.

तिथून सुरू झालं. भैरवी अशी गुटगुटीत निघाली की ज्याच्या त्याच्या घरून निरोप यायला लागला. बायजाबाई वरवंटा घेऊन यायची, जिन्यात बसायची, परत घेऊन जायची. रात्री मुक्कामाला तो तिनं कधी कोणाकडे ठेवला नाही. दर बारशाला एक ठिपका. एकाजवळ एक, बरोबर कमरेवर, गोल. लहान पोराच्या कमरेला करदोडा बांधतात ना, तसा. बारा वर्षांत एकतीस ठिपके झाले. एकतीस लेकरं त्या पाळण्या-पाळण्यांतून उतरून शाळेत गेली, सायकलीवरून पडली, दात पाडून घेतले, सगळी ठणठणीत. हळूहळू बायका वरवंट्याला नुसता दगड म्हणेनाशा झाल्या. एकीनं तर त्याला नवस केला. बायजाबाईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "नारळ मले देजा, थो खात नाई."

मग आमच्या घरी विहंग झाला.

आता तो रांगत येऊन माझ्या चपला चावतो, म्हणून मी हसून सांगतो आहे. तेव्हा घरात कोणी हसत नव्हतं. माझा मुलगा विक्रम आणि सूनबाई मेघा, दोघांनी आधी दोनदा आशा लावली होती आणि दोन्ही वेळा दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आले होते. या वेळी बाळ आलं, पण साडेसात महिन्यांचं. दीड किलो आणि वर थोडं. सव्वीस दिवस काचेच्या पेटीत. घरी आणलं तेव्हापासून मेघानं त्याला छातीवरून खाली ठेवलं नाही. जेवायची तशीच, झोपायची भिंतीला टेकून. विक्रमनं घेतलं तरी ती हात पसरून समोर उभी. डॉक्टर म्हणाले, बाळ चांगलं आहे, आता ठेवत जा. यमुताई म्हणाली, ठेव वं, तुही पाठ मोडन. मेघा म्हणायची, "बारशाच्या दिवशी ठेवीन. वरवंट्याच्या मागून." एकतीस लेकरांची गोष्ट तिनं ऐकली होती. तिला दुसऱ्या कशाचाच भरोसा उरला नव्हता, त्या दगडाचा होता.

म्हणून बारसं बाराव्या दिवशी न होता दीड महिन्यांनी ठरलं. मी गावाकडून आमचा जुना सागवानी पाळणा आणला. हॉलच्या छताला मिस्त्रीकडून हूक ठोकून घेतला, इतवारीतून नवा दोर आणला आणि गाठ स्वतः मारली. विहिरीवर मोटेच्या दोराला मारायचो ती.

यमुताईची एकच इच्छा. वरवंट्याला आदल्या दिवशी घरी आणायचं, बाळासारखं तेल-पाणी करायचं. बायजाबाईनं आमच्यासाठी नियम मोडला. दुपारी वरवंटा ठेवून गेली. जाताना ठिपक्यांवरून बोट फिरवून म्हणाली, "पाहा, एकाचीच जागा उरली हाय. तुमच्या नातवाची. करदोडा पुरा होते उद्या."

यमुताईनं त्याला ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं. मग हळद लावली. मग खोबऱ्याचं तेल. नुसतं लावलं नाही, मालिश केली. पाठीला, पोटाला, खालून वर, वरून खाली, जशी तिनं आमच्या सगळ्यांची केली तशी. मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा तो ओट्यावर फडक्यात चमकत पडला होता. मला वाटलं, ठिपके खरंच एकतीस आहेत का मोजावं. चष्मा लावला, वरवंटा उचलला. सातव्या ठिपक्यापर्यंत आलो असेन.

साबणासारखा सटकला. ओट्याच्या कडेवर आपटला आणि खाली दोन तुकडे. बरोबर कमरेत. ओटा ग्रॅनाइटचा, त्याला ओरखडा नाही.

यमुताई धावत आली आणि दारातच थांबली. "काय केलं गा तू हे, भैय्या!"

"तू त्याले तेल कायले लावलं?"

"लेकराले तेल लावतच असते!"

"मालिश काहून केली पण?"

"अन् तेल लावलेलं लेकरू हातात धरून कोणी मोजत बसते का? तुले सातवीपर्यंत हेच शिकवलं का?"

हे सगळं कुजबुजत. आत मेघा बाळाला घेऊन पडली होती. दोघांच्या वयाची बेरीज एकशे अठ्ठावन्न, आणि आम्ही काय केलं असेल? तुकडे उचलून तांदळाच्या डब्यात खुपसले आणि झाकण लावलं.

मी गॅलरीत जाऊन बायजाबाईला फोन केला. म्हटलं, "बायजाबाई, थोडा घोळ झाला."

"पोट्टं बरं हाय ना?"

"बरं आहे."

"मंग उद्या सांगजा. मी ऑटोत हाय, आयकू नाई येत." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती आठ वाजताच आली, पायऱ्यांनी. यमुताईनं तिला सरळ स्वयंपाकघरात ओढलं, दार लावलं, डब्यात हात घालून तुकडे बाहेर काढले. तेलामुळं त्यांना सगळीकडे तांदूळ चिकटले होते, अक्षता वाहिल्यासारखे. मी कबूल केलं. "माझ्या हातून झालं, बायजाबाई. तुझ्या सासूची वस्तू."

तिनं पदरानं तांदूळ पुसले. दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले, सोडवले, पुन्हा लावले. फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, हळूहळू, अख्खा गोल. आणि तोंड असं केलं, जसं आपलंच काम बिघडलेलं पाहून कारागीर करतो.

"भैय्याजी," ती म्हणाली, "तुमच्या हातून हा पडला. फुटला माह्या हातानं."

"म्हंजे कसं?" यमुताईनं विचारलं.

"दगड कापाचा कसा, मालूम हाय का? ओळीनं ठिपके मारत जाचे. एकाजवळ एक, एकाजवळ एक. खोल नाई लागत. ओळ पुरी होत आली का एक ठोका. आपला आपन उघडते, काकडीवानी. माह्या मालकानं, मारोतरावनं, खदानीत जलमभर हेच केलं. मी बी केलं. अन् याले मी करदोडा घालत बसली. बारा वर्सं आपल्याच हातानं कापत होती याले, अन् वाटे का सजवून राहिली." तिनं तुकडे ओट्यावर ठेवले. मग म्हणाली, "सासू असती तं हातोडी हिसकून घेतली असती."

यमुताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण डोकं चालू होतं. ती जवळ सरकली. "बायजा, ऐक. तुह्याजवळ दुसरा असन ना? तसाच कर. ठिपके मार. बारसं अकराले आहे. मेघाले कायले सांगाचं? ती पोट्टी याच्याच भरोशावर बसून आहे वं. हे कळलं तं लेकराले मरेपर्यंत खाली नाही ठेवणार."

"घंटाभरात करते," बायजाबाई म्हणाली. "असा करते का तुमाले कोनाले ओळखू नाई येनार."

मला हायसं वाटलं. यमुताईनं डोळे पुसले.

"पन मंग ती पोट्टं कोनाच्या भरोशावर ठेवन?" बायजाबाईनं विचारलं. उत्तरही तिनंच दिलं, "माह्या लबाडीच्या. थे नाई जमत मले." आणि ओट्यावरचं ताट घेतलं, त्यात दोन्ही तुकडे ठेवले आणि दार उघडलं.

हॉलमध्ये बायका जमायला लागल्या होत्या. मेघा भिंतीशी गादीवर, बाळ छातीवर, नवी साडी तशीच अर्धी आवरलेली. समोर पाळणा, झेंडूच्या माळा. बायजाबाईनं ताट तिच्यासमोर ठेवलं.

"मेघा, हा फुटला."

सगळ्यात आधी अबोली ओरडली. "अगं बाई! माझ्या भैरवीचा!" भैरवी कोपऱ्यात फुगे फुगवत होती. तिला काही झालं नाही, आईच्या ओरडण्यानं हातातला फुगा तेवढा फुटला.

मेघा ताटाकडे पाहत होती. बाळावरचा तिचा हात हळूहळू घट्ट होत होता. मला ते पाहवेना. म्हणून मी पुढं झालो आणि आपल्या घरांतून अशा वेळी जे बोलतात ते बोललो. साधा काचेचा पेला फुटला तरी आपण तेच म्हणतो. "मेघा, घाबरू नको बेटा. बाळावरचं संकट होतं, ते त्यानं अंगावर घेतलं. टळलं समज."

"हो ना," चार-पाच बायका लगेच म्हणाल्या. "टळलं वं, टळलं."

"नाई," बायजाबाई म्हणाली. "नसलेलं काई त्याच्या नावावर टाकू नोका. संकट नाई अन् काई नाई. माह्यी टाकी चुकली." आणि ठिपक्यांचं, ओळीचं, काकडीचं सगळं तिनं पुन्हा सांगितलं, तुकडे हातात धरून, कोणता ठिपका कोणत्या लेकराचा तेसुद्धा. लपवलं काही नाही. मी पाडला हेही सांगितलं. यमुताईची मालिशही सांगितली.

यमुताईला राहवलं नाही. "अवं, चूक तुही असो का माही. शुभ दिवशी दगड फुटला. अपशकुन तं झालाच ना?"

बायजाबाई तिच्याकडे वळली. "यमुताई, ज्या दिवशी दगड फुटला त्या दिवशी आमच्या घरी सयपाक झाला. नाई फुटला त्या दिवशी पोट्टे उपाशी झोपले. मी कोनाले शकुन म्हनू?"

ऐंशीच्या पुढची यमुताई पाळण्याच्या माळा सारख्या करायला लागली.

पण प्रश्न यमुताईचा नव्हता. हॉलभर बायकांचे डोळे मेघाकडे होते. ती रडली नाही. तिनं ताटातल्या तुकड्यांवरून नजर उचलली आणि अगदी हळू विचारलं, "बायजाबाई, म्हणजे याच्यात काहीच नाही?"

"दगड हाय," बायजाबाई म्हणाली.

"मग मी एवढे दिवस कशाची वाट पाहून राहिली होती?" ती म्हणाली. "नुसता दगडच असेल, तर माझ्या बाळाच्या आधी त्याला पाळण्यात ठेवायचं तरी काहून?"

बायजाबाई उठून पाळण्याजवळ गेली. वर हुकाकडे पाहिलं. दोर हातात धरून ओढला, एकदा हळू, एकदा अंगाचा भार देऊन. मग माझी गाठ बोटांनी चाचपली, आणि चाचपून झाल्यावर माझ्याकडे एक नजर टाकली. नंतर मेघासमोर येऊन बसली आणि जे म्हणाली ते जसंच्या तसं देतो, त्यात माझा एक शब्द नाही:

"हूक नवा हाय. दोर नवा हाय. पाळना तुह्या आजेसासऱ्याच्या वक्ताचा हाय. अन् गाठ कोनं मारली, तं या भैय्याजीनं, ज्याच्या हातात काल वरवंटा नाई टिकला. याच्यात तू एकदम लेकरू ठेवशीन का? ठेवू नोको. मी बी नाई ठेवनार. आधी दगड ठेव. त्याले कुंची घाल, अन् साऱ्या बायकाइच्या डोळ्यादेखत दहा झोके दे, चांगले जोरानं दे. दोर करकरते का पाह्य. हूक हालते का पाह्य. त्याले पेललं तं तुह्या पोट्ट्याले पेलते. थोरला भाऊ त्याच्यासाठीच असते वं, आधी जाऊन पाहाले. अन् दोन्ही तुकडे ठेवजो. फुटला म्हून त्याचं वजन काई कमी नाई झालं."